पळणाऱ्या बाळाला लंगोट कसा बांधायचा?

तीन महिन्यांचं बाळ जिथं ठेवाल तिथं राहतं. लंगोट काढा, पुसा, दुसरा बांधा, ते आपलं आढ्याकडं बघत हसतं. तेच बाळ दहा महिन्यांचं झालं की उताणं टाकल्याबरोबर उलटतं, गुडघ्यांवर येतं आणि भरलेल्या ढुंगणासकट दाराकडं निघतं. आपला एक हात त्याच्या पायाला, एक हात लंगोटाला, आणि आतून सासूबाईंचा आवाज, ‘अगं, पोर किती रडतंय!’ अशा वेळी बऱ्याच घरांत पोराला एक चापट बसते.

पण ते खोडी काढत नसतं. नुकतं रांगायला, उभं राहायला शिकलेलं असतं, दिवसभर त्याचा तोच सराव चालू असतो. उताणं दाबून धरलं की ते सुटायला धडपडणारच. चापट दिली तर पुढच्या वेळी लंगोट नुसता दिसला तरी रडेल, म्हणजे आपलंच काम वाढलं.

आधी सामान. बाळाला हात लावण्यापूर्वी कोरडा लंगोट, दोन मऊ फडकी, तांब्यात कोमट पाणी आणि घाण कपड्यांसाठी बादली जवळ घ्या. निम्मी झटापट होते ती आपण मध्येच फडकं आणायला उठतो म्हणून. जागा जमिनीवरची, चटईवर गोधडी घालून. खाट, टेबल, ओटा नको. उलटणाऱ्या बाळाला पडायला क्षणसुद्धा लागत नाही.

आता खरी युक्ती. जे बाळ धरून उभं राहतं, त्याला नुसती शू झाली असेल तर झोपवूच नका. खाटेची कड किंवा तुमचा खांदा धरू द्या आणि उभ्यानंच बदला. त्रिकोणी लंगोटाच्या गाठी उभ्या बाळाला मारताना आपलीच तारांबळ होते. त्यापेक्षा सैल इलास्टिकची सुती चड्डी बरी, आत जुन्या सुती लुगड्याची चौपदरी घडी. गटात शिवणकाम करणाऱ्या ताई असतील तर उरलेल्या कापडात अशा चड्ड्या सहज होतात. चड्डीसारखा डायपर वापरत असाल तर शी झाल्यावर तो पायांतून खाली ओढू नका. दोन्ही बाजूंची शिवण फाडा, तो उघडतो आणि पाय बरबटत नाहीत. पाकिटावर तसं चित्र असतं, पण पाकीट वाचतं कोण!

शी झाली असेल तर सरळ मोरीवर न्या आणि पाण्यानं धुवा. मुलगी असेल तर नेहमी पुढून मागं धुवा आणि पुसा. मागची घाण पुढं आली तर लघवीच्या जागी जंतू जातात.

त्याच्या हाताला काम द्या. एखादं झाकण, लाकडी चमचा, पण फक्त त्याच वेळी मिळणारं, म्हणजे अप्रूप टिकतं. पावडरचा डबा मात्र देऊ नका, ती पावडर नाकातोंडात गेली तर छातीला त्रास होतो. खेळात रमलेल्या बाळाला झडप घालून उचलू नका. ‘एवढा डबा भरून झाला की चड्डी बदलू हं,’ असं आधी सांगा. वर्षाच्या पोराला यातलं बरंच कळतं.

रोज निमूट बदलू देणारं बाळ अचानक किंचाळायला लागलं तर मात्र जांघा नीट बघा. कातडी लाल झाली असेल तर आग होते. धुऊन टिपून कोरडं करा, थोडा वेळ उघडं ठेवा, मग व्हॅसलीनचा पातळ थर लावा. दोन-तीन दिवसांत उतरलं नाही, फोड आले, पू झाला किंवा ताप आला तर आशाताईंना सांगा आणि आरोग्य केंद्रात दाखवा. शेजारणीची खाजेची ट्यूब लावू नका. अशा बऱ्याच ट्यूबमध्ये स्टेरॉइड असतं, त्यानं बाळाची नाजूक कातडी आणखी पातळ होते.

बाळाची शी म्हणजे काही घाण नाही, असं अजूनही बायका म्हणतात. तिच्यातूनही जुलाबाचे जंतू पसरतात. म्हणून शी संडासात टाका, डायपर मात्र नको. तो विरघळत नाही, संडास तुंबतो. ओढ्यातही नको. गुंडाळून कचऱ्यात द्या. मग साबणानं हात धुवा, बाळाचेसुद्धा, कारण तेवढ्यात त्याचा हात खाली गेलेलाच असतो.

आणि पैशाचं बोलू. डायपर 10 रुपयांचा धरला आणि दिवसाला दोन लागले, तरी महिन्याचे 600 रुपये होतात. गटातल्या बचतीच्या हप्त्याशी ताडून बघा. प्रवासाला, लग्नकार्याला, रात्रीला डायपर जरूर वापरा, घरात दिवसा सुती चड्डी पुरते. दोन-दोन तास कोरडं राहायला लागलं, ‘शू’ म्हणून सांगायला लागलं, की हळूहळू भांड्यावर बसवायचं. ते कसं, हे पुढच्या शुक्रवारी याच वेळी.