एकाच्या जिभेला कडूजहर, दुसऱ्याच्या जिभेला काहीच नाही

१९३१ साली अमेरिकेतल्या ड्यूपाँट कंपनीच्या प्रयोगशाळेत आर्थर फॉक्स हे रसायनशास्त्रज्ञ एक पांढरी भुकटी बाटलीत भरत होते. नाव फिनिलथायोकार्बामाइड, थोडक्यात पीटीसी. भरताना थोडी हवेत उडाली आणि जवळच्या सहकाऱ्यानं तक्रार केली, तोंड कडू झालं म्हणून. फॉक्स तर भुकटीच्या अगदी जवळ, पण त्यांना कसलीच चव लागेना. दोघांची चांगलीच जुंपली. मग दोघांनीही कण थेट जिभेवर ठेवून पाहिले. एकाला कडूजहर, दुसऱ्याला काहीच नाही! फॉक्सनी मग ती भुकटी आणखी कितीतरी जणांना चाखायला दिली. तिथंही तेच: काहींना कडू, काहींना बेचव.

ही तऱ्हा घराण्यातून उतरते, हे लवकरच कळलं. डीएनए चाचण्या नव्हत्या त्या काळात पितृत्वाच्या वादातही पीटीसीची मदत घेतली जाई. १९३९ साली तर रोनाल्ड फिशर, ज्युलियन हक्सले अशा नामवंत शास्त्रज्ञांनी ती चिंपांझींना चाखवली. त्यांच्यातही दोन तट निघाले!

यामागचं जनुक सापडलं २००३ साली. टीएएस२आर३८ हे त्याचं नाव. त्यातून जिभेवरचा एक ग्राहक, म्हणजे चव टिपणारा रेणू, तयार होतो. कडू चव ओळखणारे असे सुमारे २५ ग्राहक माणसाकडे आहेत, आणि गोडासाठी मुख्यतः एकच जोडगोळी. एवढी तफावत का? साखरा सगळ्या एकमेकींच्या बहिणी. वनस्पतींची विषं मात्र नाना रूपांची. म्हणून पहारेकरीही पुष्कळ लागतात.

मला सर्वांत थक्क करणारी गोष्ट पुढची आहे. हे पहारेकरी फक्त जिभेवर नाहीत. २०१० साली मेरिलँड विद्यापीठातल्या संशोधकांना ते फुप्फुसांतल्या श्वासनलिकांच्या स्नायूंवर आढळले. आणि २०१२ साली कळलं, की पीटीसी चाखणारा तोच टीएएस२आर३८ आपल्या नाकाच्या आतल्या अस्तरातही आहे. काही जंतू आपापसांत संदेश द्यायला जी रसायनं सोडतात, ती त्याला ‘कडू’ लागतात. मग तिथले सूक्ष्म केस जोरानं हलून जंतूंना बाहेर लोटतात, शिवाय जंतुनाशक नायट्रिक ऑक्साइड तयार होतं. आपल्याला यातलं काहीही जाणवत नाही!

या पहाऱ्याचा रोजचा उपयोग आपल्या स्वयंपाकघरात आहे. काकडी चिरताना देठाकडचा तुकडा आपण आधी चाखतो, कारण कडूपणा तिथंच जास्त उतरतो. तो कडूपणा कुकरबिटासिन नावाच्या द्रव्यांचा. काकडी, दुधी, भोपळा यांच्या रानटी भाऊबंदांत ती भरपूर असतात. माणसानं शेकडो पिढ्या कमी कडू फळांचं बी राखून ती घालवली. पण एखाद्या दुधीत ती पुन्हा उसळतात, आणि वरून पाहून ते ओळखता येत नाही. कारल्याचं वेगळं. त्याचा कडूपणा आपण ओळखून, आवडीनं खातो. कडू दुधीचा रस मात्र घातक ठरू शकतो: उलट्या, पोटात रक्तस्राव, रक्तदाब एकदम खाली जाणं. आपल्या देशात असा रस पिऊन माणसं दगावली आहेत. शिजवूनही हे विष जात नाही.

तेव्हा दुधी चिरला की कच्चा लहानसा तुकडा जिभेला लावून पाहा. कडू लागला तर लगेच थुंका आणि अख्खा दुधी टाकून द्या. औषधी म्हणून कडू दुधीचा रस कुणी घशाखाली ढकलू नये.