संगणकातल्या दीर्घिका : खऱ्या की खोट्या?



मी होमिओपॅथीचा डॉक्टर, खगोलशास्त्रज्ञ नव्हे. आमच्या घरी जेवण दिवस मावळायच्या आत होते, त्यामुळे रात्री दवाखाना बंद केला की थेट गच्चीवर जाता येते. आकाशाचा हा नाद मला तीसेक वर्षांचा आहे. आजचा विषय मात्र गच्चीवर नव्हे, दवाखान्यात सुचला.

आईबरोबर आलेल्या एका अकरावीतल्या मुलीने मला मोबाइलवर एक चित्रफीत दाखवली. अंधारात धुके पसरलेले होते. त्याचे धागे झाले, धाग्यांच्या गाठी झाल्या, गाठींत प्रकाश फुटला आणि दोन तेजस्वी चकत्या एकमेकींवर आदळून एक झाल्या. तिने विचारले, “डॉक्टर काका, हे कुठल्या दुर्बिणीतून घेतलंय?” मी म्हटले, “दुर्बिणीतून नाही, संगणकानं केलंय.” ती लगेच म्हणाली, “म्हणजे खोटंच की!” बाहेर पेशंट खोळंबले होते, त्यामुळे उत्तर राहून गेले. ते आज देतो.

दीर्घिका म्हणजे अब्जावधी तारे, वायू आणि धूळ यांचा गुरुत्वाकर्षणाने बांधलेला समूह. आपली आकाशगंगा ही अशीच एक दीर्घिका. तिच्यातल्या एका फेरीला सूर्याला वीस कोटींहून अधिक वर्षे लागतात. म्हणजे दीर्घिकेचा जन्म आणि वाढ डोळ्यांनी पाहणे कोणालाच शक्य नाही. दुर्बिणीला दिसतो तो एकेक स्थिर क्षण. रविवारी खडेबाजारात उभे राहून गर्दीचा एकच फोटो काढावा, तसे ते आहे. फोटोत तान्ही मुले, तरुण, म्हातारे सगळे असतात. पण मूल मोठे कसे होते, हे फोटो सांगत नाही. ते जुळवावे लागते.

ही जुळवाजुळव संगणक येण्यापूर्वीच सुरू झाली. १९४१ साली स्वीडनमधील एरिक होल्मबर्ग यांनी ७४ विजेचे दिवे घेतले. ३७ दिव्यांची एक दीर्घिका, अशा दोन दीर्घिका मांडल्या. त्यांनी धरलेला धागा साधा होता : अंतर दुप्पट झाले की प्रकाश चौपट कमी होतो आणि गुरुत्वाकर्षणही नेमके तसेच कमी होते. एका दिव्याच्या जागी प्रकाशमापक ठेवायचा, कोणत्या बाजूने किती उजेड येतो ते मोजायचे आणि तेवढीच त्या बाजूची ओढ समजून दिवा सरकवायचा. असे प्रत्येक दिव्याचे, पुन्हा पुन्हा. दोन दीर्घिका जवळून गेल्या की त्यांचे आकार ओढले जातात आणि सर्पिल हात फुटू शकतात, हे त्या दिव्यांनी दाखवले. दिवे म्हणजे तारे नव्हेत. पण नियम तोच होता, म्हणून उत्तराला अर्थ होता.

पुढे १९७२ साली अमेरिकेत आलार आणि युरी टूमरे या भावांनी हेच काम संगणकावर केले. हस्त नक्षत्राच्या परिसरात दोन दीर्घिका अशा आहेत की त्यांना किड्याच्या मिशांसारख्या दोन लांब शेपट्या आहेत. या शेपट्या कशाने आल्या, याविषयी तोवर वाद होता. टूमरे बंधूंनी दोन दीर्घिकांना केवळ गुरुत्वाकर्षणाच्या जोरावर एकमेकींजवळून नेले आणि तशाच शेपट्या उमटल्या.

यातली अडचण हिशेबाची आहे. प्रत्येक कण प्रत्येक कणाला ओढतो. ७४ दिव्यांच्या जोड्या होतात २,७०१. कण हजार कोटी झाले तर जोड्यांचा आकडा पाच या अंकापुढे एकोणीस शून्ये इतका होतो. तेव्हा युक्ती करावी लागते. बेळगावहून पुणे किती लांब, असे विचारले तर आपण पुण्यातल्या प्रत्येक घराचे अंतर सांगत बसत नाही, अख्ख्या शहराचे एकच सांगतो. तसेच दूरच्या कणांचा गठ्ठा एक धरायचा आणि जवळच्यांचा हिशेब मात्र बारकाईने करायचा. अशा पद्धतींपैकी ‘ट्रीपीएम’ ही पद्धत घडवणाऱ्यांत जसजीत सिंग बागला यांचे नाव येते. त्यांचे पीएच.डी.चे काम आपल्या पुण्याच्या ‘आयुका’त झाले आहे.

आता सुरुवात कुठून करायची? महास्फोटानंतर सुमारे ३ लाख ८० हजार वर्षांनी निघालेला प्रकाश आज सूक्ष्मलहरींच्या रूपाने आपल्यापर्यंत पोचतो. त्यात लाखात एक भाग इतका अगदी किरकोळ उणाअधिकपणा आहे. हेच बी. यातून १३८० कोटी वर्षांत आजचे विश्व उगवते का, हे पाहायचे. त्यासाठी न दिसणारे कृष्णद्रव्यही धरावे लागते. ते साध्या द्रव्याच्या सुमारे पाचपट आहे. या मूळ चौकटीवरच कोल्हापुरात जन्मलेले डॉ. जयंत नारळीकर अखेरपर्यंत प्रश्न विचारत राहिले, हेही आपण लक्षात ठेवावे.

संगणकाने दिलेले एक मोलाचे उत्तर ‘नाही’ असे होते. १९८०च्या सुमारास अनेकांना वाटत होते की कृष्णद्रव्य म्हणजे न्यूट्रिनो हे वेगवान कण असावेत. १९८३ साली सायमन व्हाइट, कार्लोस फ्रेंक आणि मार्क डेव्हिस यांनी ते विश्व संगणकावर चालवले. वेगवान कण लहान गाठी टिकू देईनात. दीर्घिका फार उशिरा आणि भलत्याच मोठ्या झुंबडीने तयार होऊ लागल्या. प्रत्यक्ष आकाशाच्या नकाशाशी ते जुळेना आणि ती कल्पना मागे पडली. मग १९८५ साली जॉर्ज एफस्टॅथिऊ यांनाही बरोबर घेऊन त्यांनी संथ कणांचे, म्हणजे ‘शीत’ कृष्णद्रव्याचे विश्व ३२,७६८ कणांनी चालवले. ते बरेच जुळले. २००५ सालच्या ‘मिलेनियम’ सिम्युलेशनमध्ये कणांची संख्या हजार कोटींवर गेली. जर्मनीतल्या महासंगणकाने त्यासाठी जवळपास महिना घेतला.

इथवर हिशेब फक्त गुरुत्वाकर्षणाचा होता. खरी कसोटी वायूची. वायू थंड होतो, आकसतो, त्याचे तारे होतात. पण एवढेच नियम दिले तर संगणकात तारे गरजेपेक्षा कितीतरी जास्त तयार होतात. प्रत्यक्ष विश्वात साध्या द्रव्यापैकी दहा टक्क्यांहूनही कमी भागाचे तारे झाले आहेत. म्हणजे कोणीतरी चुलीवर पाणी ओतते आहे. लहान दीर्घिकांत ते काम स्फोट पावणारे तारे करतात आणि मोठ्या दीर्घिकांत केंद्रातले महाकाय कृष्णविवर, असे आज मानले जाते. मात्र एकेक तारा संगणकात मावत नाही. २०१५ सालच्या ‘ईगल’ या सिम्युलेशनमध्ये वायूचा एक कण सुमारे अठरा लाख सूर्यांच्या वजनाचा होता. म्हणून स्फोटाचा जोर किती, तो कसा पसरेल, हे नियम हाताने घालावे लागतात. त्यांचे आकडे आजच्या दीर्घिकांची संख्या आणि आकार जुळतील असे लावलेले असतात.

इथे सावध राहायला हवे. माप घेऊन शिवलेला सदरा अंगाला बसला, यात नवल नाही. परीक्षा होते ती ज्याचे माप घेतलेच नव्हते तिथे. गतकाळात किती दीर्घिका होत्या, त्यांचे रंग कसे, हे ‘ईगल’ला शिकवलेले नव्हते आणि तरी ते बऱ्यापैकी जुळले. याउलट २०१४ सालच्या ‘इलस्ट्रिस’मध्ये कृष्णविवरांचा जोर असा पडला की दीर्घिकांच्या समूहांतला वायू नको तितका बाहेर फेकला गेला. एक आकडा नीट बसवला आणि दुसरा बिघडला. ही चूक त्या शास्त्रज्ञांनी स्वतःच छापून सांगितली आणि पुढच्या ‘इलस्ट्रिस टीएनजी’त नियम बदलले.

हे वाचले तेव्हा मला माझा दवाखाना आठवला. “डॉक्टर, गुण आला,” हे शब्द मी आयुष्यभर ऐकत आलो आणि त्यांवर जगलो. पण कशाने आला? औषधाने, पथ्याने, की दुखणे आपल्या वाटेने जाणारच होते? तेच मूल, तोच ताप, तेच आठ दिवस, आणि फक्त औषध नाही, असे मला कधी पाहता आले नाही, एका रुग्णावरून कोणालाच येत नाही. संगणकातल्या विश्वाला ते जमते. कृष्णविवरांचा नियम बंद करायचा आणि तेच विश्व पहिल्यापासून पुन्हा चालवायचे. मोठ्या दीर्घिकांत तारे भरमसाट वाढलेले दिसतात. त्या विश्वापुरते तरी कशाने काय झाले, हे हात ठेवून दाखवता येते. माझ्या जुन्या केसपेपरांकडे मी हल्ली जरा कमी ऐटीने पाहतो.

शेवटी एक ताजे उदाहरण. शरद ऋतूत अंधाऱ्या जागी नुसत्या डोळ्यांना अंधुक ठिपक्यासारखी दिसते ती देवयानी दीर्घिका. ती आणि आपली आकाशगंगा साधारण चारशे कोटी वर्षांनी धडकणार, असे २०१२ साली जाहीर झाले होते. २०२५ साली शेजारच्या लहान दीर्घिकांची ओढही हिशेबात घेतली, मोजमापांतली अनिश्चितता धरली आणि तोच प्रवास हजारो वेळा चालवून पाहिला. उत्तर आले : पुढच्या हजार कोटी वर्षांत टक्कर होण्याची शक्यता सुमारे निम्मी. माहिती वाढली आणि खात्री कमी झाली. शास्त्राचे हे अपयश आहे, असे मला वाटत नाही.

त्या मुलीला आता मी सांगेन : बाळ, तो फोटो नाही, पण खोटेही नाही. ‘हे नियम खरे असतील तर असे दिसेल’ असे ते विधान आहे. खरे-खोटे ठरवायला गच्चीवर ये. आकाश तिथेच आहे.