युरेनियम गेलं, वाळू राहिली

‘युरेनियम तर काढून घेतलं ना? मग उरली ती साधी वाळू. तिच्यावर घर बांधलं तर बिघडलं काय?’ किरणोत्साराचा विषय निघाला की हे मला हमखास ऐकवलं जातं, आणि ऐकवणारे बहुतेक वेळा शिकलेलेच असतात.

अमेरिकेच्या कोलोरॅडो राज्यातल्या ग्रँड जंक्शन शहरानं हेच गृहीत धरलं होतं. 1950 च्या दशकात तिथे युरेनियमची गिरणी चालायची. टनभर खनिजातून दोन-तीन किलो युरेनियम निघणार, बाकी सगळा चोथा. दिसायला बारीक, करडी वाळू. गवंड्याला आवडावी अशी आणि फुकट. 1966 पर्यंत लोकांनी ती ट्रक भरभरून नेली. कुणी पायात भरली, कुणी लादीखाली पसरली, कुणी बागेत टाकली.

युरेनियमचं शिसं एका उडीत होत नाही, वाटेत चौदा टप्पे आहेत. थोरियम, रेडियम, रेडॉन, पोलोनियम ही त्याच वाटेवरची मंडळी. गिरणीला हवं होतं फक्त युरेनियम. थोरियम आणि रेडियम चोथ्यातच राहिले. म्हणून मूळ खनिजातला सुमारे 85 टक्के किरणोत्सार या ‘साध्या’ वाळूत असतो. हा आकडा अमेरिकी सरकारच्या पर्यावरण संरक्षण संस्थेचा आहे, माझा नव्हे. उसाचा रस काढल्यावर चिपाड उरतं, तसं हे नाही. इथे रस चिपाडातच राहिलाय. चार पावसाळे गेले की जोर ओसरेल म्हणावं, तर रेडियम निम्मं व्हायला 1600 वर्षं लागतात, आणि थोरियम त्यात भर घालतच राहतं.

‘वर जाड काँक्रीट ओतलं की झालं!’ नाही झालं, बाबांनो. रेडियमपासून होणारा रेडॉन हा वायू आहे. ना रंग, ना वास. तो भेगांतून, पाइपांच्या फटींतून वर येतो. थंडीत घरातली ऊबदार हवा वर चढते आणि घर जमिनीतली हवा अक्षरशः ओढून घेतं. त्यात खिडक्या बंद. रेडॉनपासून झालेलं पोलोनियम धुळीला चिकटून फुफ्फुसात उतरतं. त्यातून सुटणारा अल्फा कण साधा कागदही अडवतो हे खरं, पण फुफ्फुसाच्या अस्तरावर कागद कुठून आणायचा? धूम्रपानाच्या खालोखाल फुफ्फुसाच्या कॅन्सरचं मोठं कारण म्हणून जागतिक आरोग्य संघटना रेडॉनकडेच बोट दाखवते.

‘वीस वर्षं राहतोय, काही झालं नाही.’ असा कॅन्सर दिसायला दशकं लागतात. आणि धोका म्हणजे शक्यता, प्रत्येकाला होईलच असं नाही.

‘झाडं छान वाढतात तिथे.’ वाढतात. त्यावरून काहीच सिद्ध होत नाही.

‘केरळच्या किनाऱ्यावर लोक राहतातच की!’ तिथला किरणोत्सार मुख्यतः थोरियमचा, बाहेरून लागणाऱ्या गॅमा किरणांचा. तिथल्याच करुणागप्पळ्ळीच्या अभ्यासात त्यामुळे कॅन्सर वाढलेला दिसला नाही, हे मान्य. बंद घरात कोंडलेल्या रेडॉनला तो दाखला लागू पडत नाही.

‘म्हणजे अशी जमीन कायमची बाद?’ हे दुसरं टोक. ग्रँड जंक्शनमध्ये चार हजारांहून जास्त घरं आणि जागा उकरून साफ केल्या, आणि लोक तिथे राहतात. उकरलेली वाळू शहराबाहेर चेनी नावाच्या जागी पुरली. रस्त्यांखाली, जलवाहिन्यांभोवती मात्र काही राहून गेलीच. एखादा पाइप बदलायला खणलं की आजही ती करडी वाळू वर येते आणि चेनीकडे जाते.