चेहऱ्याचे मलम घेताना सावधान!

घरात लग्नकार्य निघाले की वस्तीतल्या मेडिकलमध्ये चेहऱ्याच्या मलमांची मागणी वाढते. वांगाचे डाग जावेत, सुरकुत्या दिसू नयेत, ही इच्छा काही गैर नाही. उन्हातान्हात राबणाऱ्या आपल्या आया-बहिणींनी नीटनेटके दिसावे, असे आम्हालाही वाटते. परंतु या इच्छेपोटी हाती काय पडते, हे प्रत्येक घराने जाणून घेतले पाहिजे.

वयाबरोबर त्वचा पातळ व कोरडी होते. तिला ताठ ठेवणारे कोलॅजेनचे धागे कमी होतात. हे कोणालाच चुकत नाही. पण चेहऱ्यावरचे बरेचसे म्हातारपण उन्हाचे असते. पदराखाली, बाहीखाली झाकलेल्या दंडाची कातडी आणि मनगटापुढची कातडी शेजारी शेजारी पाहा, म्हणजे पटेल. उन्हातील अतिनील किरण कोलॅजेन तोडतात. आपल्या सावळ्या रंगातील मेलॅनिन हे नैसर्गिक संरक्षण आहे, त्यामुळे सुरकुत्या उशिरा येतात. मात्र काळे डाग व वांग लवकर उठतात. बिडी-सिगारेटच्या धुरानेही सुरकुत्या लवकर पडतात, हे पुरुष मंडळींनीही ध्यानात घ्यावे.

आता मुख्य धोका. बेटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन ही नावे ट्यूबवर दिसली तर ते स्टेरॉइड आहे, असे समजावे. ही औषधे ठराविक रोगांवर, ठराविक दिवसांसाठी असतात. चेहऱ्याला चोळली की सुरुवातीला रंग उजळतो, म्हणून शेजारणीही तेच आणतात. काही आठवड्यांनी कातडी पातळ होते, लाल शिरा दिसतात, पुरळ व लव येते. बंद केले की आग होते, म्हणून पुन्हा तेच लावले जाते. तरुण दिसण्यासाठी आणलेले मलम त्वचेला अकाली म्हातारी करते! २०१८ साली केंद्र सरकारने अशा मलमांना डॉक्टरांच्या चिठ्ठीची अट घातली. तरीही चिठ्ठी न मागता ती देणारे दुकानदार आहेत. आधीपासून लावत असाल तर एकदम न थांबवता डॉक्टरांना ट्यूब दाखवा. नाव-पत्ता, घटक न छापलेल्या 'गोऱ्या' क्रीममध्ये पाराही सापडतो. तो मूत्रपिंडाला घातक आहे.

मग करावे काय? सकाळी दहा ते दुपारी चारपर्यंतचे ऊन शक्य तेवढे टाळावे. कामच उन्हात असेल तर छत्री, टोपी, पूर्ण बाहीचे सुती कपडे किंवा तोंडाला बांधलेला रुमाल उपयोगी पडतो. हा खर्च एकदाच होतो आणि वर्षभर पुरतो. परवडत असेल तर किमान ३० एसपीएफचे सनस्क्रीन भरपूर लावावे व दर दोन तासांनी पुन्हा लावावे. चेहरा खरखरीत साबणाने घासू नये. अंघोळीनंतर ओलसर अंगाला खोबरेल तेल वा साधे व्हॅसलीन पुरते. लिंबू चोळून उन्हात जाऊ नये, चट्टे उठतात.

सुरकुत्या कमी करणारे ट्रेटिनॉइन नावाचे खरे औषध आहे. ते रात्री लावतात, गुण यायला काही महिने लागतात आणि सुरुवातीला त्वचा सोलते. गरोदरपणात ते चालत नाही. म्हणून तेही डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावे.

बरी न होणारी जखम, आकार वा रंग बदलणारा तीळ, स्पर्श न समजणारा फिकट चट्टा हे वयाचे डाग नव्हेत. अशा वेळी मलम न चोळता सरकारी रुग्णालयात केसपेपर काढून त्वचारोग विभागात दाखवावे.

भगिनींनो, सुरकुती हा काही गुन्हा नाही. तिच्यापायी घामाचा पैसा आणि धडधाकट कातडी गमावू नका. आज घरी गेल्यावर फडताळातील ट्यूबवरचे नाव तेवढे मुलांकडून वाचून घ्या.