पुड्याच्या पाठीवरचा पत्ता

"फूड सायन्स म्हणजे काय हो? स्वयंपाकच ना?" हा प्रश्न ज्या घरातल्या मुलाने वा मुलीने ही पदवी घेतली आहे, त्या घराच्या आता चांगला अंगवळणी पडलेला असतो. प्रवेशाच्या वेळी मावशी विचारते, बारशाला शेजारीण विचारते, आणि पदवी हाती आली की त्याच प्रश्नाला शेपूट फुटते : "बरं, मग नोकरी कुठे?" पहिल्या प्रश्नाला हसून उत्तर देता येते. दुसऱ्याचे उत्तर मात्र घरातल्या वडीलधाऱ्यांनाही ठाऊक नसते. बँक, शाळा, कचेरी, इंजिनिअरिंग या वाटा आपल्या मध्यमवर्गीय घरांनी दोन-तीन पिढ्या तुडवल्या आहेत. कोणत्या वळणावर कोणाला भेटायचे, हे काकांना किंवा मामांना माहीत असते. या वाटेवर काका नाहीत आणि मामाही नाहीत.

वाट तशी कालपरवाची नाही. म्हैसूरची केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्था १९५० साली निघाली; परभणीचे अन्नतंत्र महाविद्यालय १९७६ पासून पदवीधर घडवीत आले आहे. पण अलीकडे आपल्या शेजारच्या साध्या विज्ञान महाविद्यालयातही हा विषय आला आणि मग तो आपल्या घरात शिरला. आमच्याही महाविद्यालयात तो आहे. मी शिकवते मराठी. परंतु व्यावहारिक मराठीच्या तासाला अर्जलेखन शिकवत असल्यामुळे ही मुले आपापले अर्ज घेऊन माझ्याकडे येतात. अर्ज इंग्रजीत असतात हे खरे. पण पोकळ वाक्य कोणत्याही भाषेत पोकळच वाजते. गेल्या काही वर्षांत असे अर्ज वाचून, आणि ते लिहिणाऱ्यांचे पुढे काय झाले ते पाहून, काही गोष्टी माझ्या ध्यानात आल्या. त्याच येथे सांगते.

पहिली गोष्ट ही, की सगळे अर्ज त्याच पाच-सात ठिकाणी जातात. बिस्किटे, चॉकलेट, नूडल्स अशा ज्यांच्या जाहिराती आपण रोज पाहतो, त्या बड्या कंपन्या! मुलगा फोनवर अंगठा दाबून एका संध्याकाळी चाळीस अर्ज धाडतो आणि आई मोठ्या कौतुकाने सांगते, "बिचारा दिवसभर नोकरीच शोधतोय." तो नोकरी शोधत नसतो; तो रांगेत उभा राहत असतो, आणि रांग किती लांब आहे हेही त्याला दिसत नसते.

आता दिवाळीचे दिवस आहेत. घरात चकलीची तयार भाजणी आली असेल, चिवड्याचा मसाला, तूप, सुक्या मेव्याची पाकिटे आली असतील. त्यातला एखादा पुडा उलटा करा. समोरच्या बाजूला ठसठशीत नाव असते ते विकणाऱ्याचे. पाठीवर, डोळे बारीक करून वाचावे लागेल अशा अक्षरांत, माल प्रत्यक्ष बनवणाऱ्याचे नाव व पुरा पत्ता असतो. पुष्कळदा ही दोन नावे वेगळी निघतात. नामांकित कंपनीचा मसाला एखाद्या तालुक्याच्या औद्योगिक वसाहतीत, आपण कधी नावही न ऐकलेल्या कारखान्यात दळला जात असतो. त्या कारखान्याची जाहिरात कोठेही येत नाही. पण तेथे प्रयोगशाळा असते, रोजची तपासणी असते, आणि ती करायला माणूस लागतो.

त्याच पाठीवर चौदा आकड्यांचा एक क्रमांक असतो. तोही वाचायला शिकावे. पहिला आकडा १ असेल तर तो परवाना. २ असेल तर ती लहान व्यावसायिकाची नुसती नोंदणी. पुढचे दोन आकडे राज्याचे, महाराष्ट्राचे १५. म्हणजे ११५ ने सुरू होणारा क्रमांक हा महाराष्ट्रातला राज्य परवाना झाला. केंद्रीय परवाने १०० ने सुरू होतात. त्यानंतरचे दोन आकडे परवाना कोणत्या वर्षी निघाला ते सांगतात. २ ने सुरू होणाऱ्या घरगुती व्यवसायाला पगारी पदवीधर बहुधा परवडत नाही. १ ने सुरू होणाऱ्याची गोष्ट निराळी. २०११ च्या परवाना नियमांत अशी अट आहे, की उत्पादनावर देखरेख ठेवण्यासाठी कारखान्यात किमान एक तांत्रिक माणूस असला पाहिजे, आणि तो रसायनशास्त्र, जीवरसायनशास्त्र, अन्न व पोषण, सूक्ष्मजीवशास्त्र यांपैकी विषयाचा विज्ञान पदवीधर किंवा फूड टेक्नॉलॉजीचा पदवी-पदविकाधारक असावा. म्हणजे आपल्या चिरंजीवांची कारखान्याला गरज आहे, हे खुद्द नियमांतच लिहिले आहे. (केमिस्ट्रीच्या पदवीधराचीही आहे, तेव्हा फार हुरळून जाऊ नये.)

माझ्या एका विद्यार्थिनीने हा उद्योग खरोखरच केला. दोन वाणसामानाची दुकाने आणि एक मोठा बाजार पालथा घालून तिने एका वहीत साठ-सत्तर पत्ते उतरवले. त्यांतले घरापासून दोन तासांच्या आतले निवडले, त्या त्या ठिकाणच्या क्वालिटी मॅनेजरच्या नावाने निरनिराळे पत्र लिहिले आणि चार दिवसांनी दूरध्वनी केला. बहुतेकांनी "जागा नाही" म्हणून सांगितले. तिघांनी भेटायला बोलावले. एका लोणच्याच्या कारखान्यात ती आजही आहे. फक्त आता तिच्या हाताखाली चार जण आहेत.

आता पत्राविषयी. "मी मेहनती, जिद्दी आणि नवे शिकण्यास उत्सुक आहे" हे वाक्य मी इतक्या अर्जांतून खोडले आहे, की लाल शाई त्यावरच संपावी! कोण आळशी म्हणून अर्ज करतो? कारखान्यातल्या माणसाला हवे असते ते वेगळेच. आपण हाताने काय केले आहे? प्रथिने केल्डालने काढली की नुसती वाचली? दुधाचा फॅट गर्बरने किती वेळा काढला? रिफ्रॅक्टोमीटरवर ब्रिक्स पाहिले का? जिवाणूंच्या वसाहती मोजल्या तर किती प्लेटांवर, आणि दोन प्लेटांचे आकडे जुळले नाहीत तेव्हा काय केले? "प्रकल्पात टोमॅटो केचप बनवला" यापेक्षा "केचपच्या सहा बॅच केल्या, दोन बॅचचा ब्रिक्स नियमातल्या पंचवीसच्या खाली आला, कारण टोमॅटो पावसातला होता, आटवण्याचा वेळ वाढवून तो वर आणला" हे वाक्य शंभर पटींनी बोलके आहे. त्यात चूक आहे, कारण आहे आणि हात आहे. असे एक खरे वाक्य लिहिता येत नसेल तर दोष अर्जाचा नाही. मग सुट्टीत कोठे तरी तीन महिने पदरचे भाडे घालून जाणेच बरे. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखाली पदवीधरांना वर्षभर विद्यावेतनासह काम शिकता येते. पश्चिम विभागाचे मंडळ मुंबईतच आहे. या वाटेने आत शिरलेली मुले मी पाहिली आहेत.

मुलाखतीला फार खोलातले विचारत नाहीत. पण जे विचारतात तेच मुलांना येत नाही. दूध बहात्तर अंशांवर पंधरा सेकंद का? सामू ४.६ च्या खाली आणला म्हणजे डबाबंद पदार्थातले कोणते संकट टळते? हॅसपची सात तत्त्वे तोंडपाठ म्हणणारा मुलगा, "आमच्या भाजणीच्या कारखान्यात महत्त्वाचा नियंत्रण बिंदू कोणता धराल?" म्हटल्यावर गप्प बसतो. ज्या कारखान्यात जायचे त्याचा माल आदल्या दिवशी विकत आणावा, घरी उघडावा, चाखावा आणि त्यात काय बिघडू शकेल याचा विचार करून जावे. वीस-तीस रुपयांचा खर्च आहे.

या धंद्याला ऋतू आहेत, हेही शहरात वाढलेल्या मुलांच्या गावी नसते. आंब्याचा रस एप्रिल ते जून. तेव्हा तिकडचा माणूस मार्चमध्येच नेमला जातो. निर्यातीची द्राक्षे साधारण जानेवारी ते एप्रिल. द्राक्षांचे उदाहरण थोडे सांगण्यासारखे आहे. २०१० साली आपल्या द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढनियंत्रकाचे अवशेष युरोपच्या मर्यादेहून अधिक आढळले आणि कंटेनर तिकडच्या बंदरांत अडकून पडले. दहा लाख भागांतल्या एका भागाहूनही सूक्ष्म अशा अंशापायी नाशिक-सांगलीकडच्या बागाईतदारांचे वर्ष बुडाले. अवशेष तपासणीला तेथे केवढे मोल आहे, ते यावरून कळावे. पुण्याजवळ मांजरीला द्राक्ष संशोधन केंद्राची राष्ट्रीय संदर्भ प्रयोगशाळा आहे, खाजगी मान्यताप्राप्त प्रयोगशाळा आहेत, पॅकहाऊस आहेत. हंगामी काम म्हणून नाक मुरडू नये. हंगामात ज्याने नमुने नीट घेतले, त्याचे नाव पुढच्या हंगामाला आठवते.

आणि थोडे माझ्या विषयाकडे वळू द्या. कारखान्यातली सारी कागदपत्रे इंग्रजीत असतात. पण पाश्चरायझरपाशी उभा असलेला माणूस मराठी किंवा हिंदी बोलतो. तपमान दोन अंशांनी उतरले तर वाल्व्ह का वळवायचा, हे त्याला त्याच्या भाषेत, त्याचा मान राखून सांगता आले पाहिजे. "काका, हे दूध परत फिरवा, नाहीतर सकाळपर्यंत नासेल," एवढे सांगणारी पोर आणि भिंतीवर इंग्रजी तक्ता चिकटवून जाणारा पदवीधर यांत मॅनेजर कोणाला ठेवील? आमच्या मुलांना इंग्रजी संभाषणाचे वर्ग लावणारे पालक पुष्कळ आहेत. कामगाराशी बोलायला कोण शिकवतो?

आता मुलींविषयी; कारण आमच्या वर्गात मुलीच अधिक आहेत. एका हुशार मुलीला सत्तर किलोमीटरवरच्या दुग्धशाळेतून बोलावणे आले. पाळी सकाळी सहाची, महिन्यातून एक आठवडा रात्रीची. वडील म्हणाले, "आपल्याला काय कमी आहे?" मुलगी घरी बसली. वर्षभराने तिने दुसऱ्याच एका अभ्यासक्रमाला नाव घातले, आणि आता पहिल्या पदवीचा विषय निघाला की ती बोलणे बदलते. तिच्याच वर्गातल्या दुसरीची आई मात्र तिच्याबरोबर एसटीने तिकडे गेली. कारखाना पाहिला, राहण्याची खोली पाहिली, तिथल्या दोन मुलींशी बोलली, बस कोठून सुटते ते पाहिले. घरी येऊन म्हणाली, "जाऊ दे तिला." रात्रपाळीला स्त्रियांना बोलवायचे तर त्यांची संमती हवी आणि ने-आण व सुरक्षिततेची व्यवस्था मालकाने केली पाहिजे, असा कायदा आहे. ती व्यवस्था आहे की नाही, हे आईवडिलांनी जाऊन पाहावे आणि नसेल तर जरूर नकार द्यावा. पण न पाहता, नुसत्या 'कारखाना' या शब्दाला भिऊन नकार देऊ नये. या विषयाचा जीव कारखान्यात आहे. दोन वर्षे पाळीत काढलेल्यालाच पुढे नव्या पदार्थांच्या विभागात, ऑडिटला किंवा कंपनीच्या शहरातल्या कचेरीत मान मिळतो.

सरकारी नोकरीचे म्हणाल, तर अन्न सुरक्षा अधिकाऱ्याची पदे आपल्याकडे लोकसेवा आयोगामार्फत भरतात. जाहिरातीतले पदवीचे नाव आणि प्रमाणपत्रावरचे नाव तंतोतंत जुळते का, हे फी भरण्याआधी पाहावे. फूड सायन्स, फूड टेक्नॉलॉजी, फूड अँड न्यूट्रिशन ही घरी एकच वाटणारी नावे कागदावर एक नसतात. अन्न विश्लेषक व्हायचे तर पदव्युत्तर पदवी, प्रयोगशाळेचा अनुभव आणि केंद्रीय प्राधिकरणाची परीक्षा असा लांबचा पल्ला आहे. परीक्षा द्याव्यात, पण नोकरी धरून द्याव्यात. नोकरी नाही म्हणून एम.एस्सी. करणे मला पसंत नाही. दोन वर्षांनी तोच प्रश्न दोन वर्षांनी मोठा होऊन दाराशी येतो.

नोकरी लावून देतो म्हणून आधी पैसे मागणाऱ्यांपासून दूर राहावे, हे सांगायला नको. तरी दरवर्षी कोणी ना कोणी फसतो. याहून गोड दिसणारे एक जाळे आहे. आमच्या एका माजी विद्यार्थ्याला एका लहान कारखानदाराने सांगितले, "तुम्ही यायची गरज नाही. फक्त प्रमाणपत्र द्या आणि एका फॉर्मवर सही करा. महिन्याला पैसे खात्यात येतील." तो फॉर्म नऊ नंबरचा होता. २००६ च्या अन्न सुरक्षा कायद्याच्या ६६ व्या कलमाप्रमाणे कंपनी आपल्या वतीने एका व्यक्तीला जबाबदार म्हणून नेमू शकते, ती नेमणूक याच फॉर्मवर होते. आणि माल असुरक्षित ठरला तर खटल्यात त्या व्यक्तीचे नाव येते. बावीस वर्षांचे पोर! घरात तिघे बसून हिशेब करीत होते, की या पैशांत स्कूटरचा हप्ता भागेल. सुदैवाने आईने कागद वाचायला मागितला.

नोकरी प्रामाणिक असली, मालक सज्जन असला, तरी पहिल्याच वर्षी तो फॉर्म समोर आला तर मुलाने एक प्रश्न विचारून घ्यावा : "बॅच बिघडलेली दिसली तर गाडी फाटकात थांबवण्याचा अधिकार मला आहे का?" उत्तर लेखी "हो" असेल तर सही करावी. नसेल तर नम्रपणे सांगावे, की मी केमिस्ट म्हणून काम करीन, नऊ नंबरच्या फॉर्मवर मात्र साहेबांनीच सही करावी.