ऊतींचे आधारद्रव्य तोडणारी विकरे आणि रोग

भैकेराचा बेडूक होताना त्याची शेपटी गळून पडत नाही. ती जागच्या जागी विरघळते. तिच्यातील कोलॅजेन हे प्रथिन अत्यंत चिवट असून बहुतेक पाचक विकरांना दाद देत नाही. ते तोडणारे विकर जेरोम ग्रॉस व शार्ल लापिएर यांनी १९६२ मध्ये याच शेपटीच्या ऊतींत शोधून काढले. पुढे अशा विकरांचे एक संपूर्ण कुलच उजेडात आले. त्यास मॅट्रिक्स मेटॅलोप्रोटिनेज (एमएमपी) असे म्हणतात.

मानवी शरीरात या कुलातील २३ विकरे आढळतात. त्यांच्या क्रियाशील स्थानी जस्ताचा आयन असतो. विकर निर्माण होते तेव्हा त्याच्याच साखळीचा एक भाग हे स्थान झाकून ठेवतो. तो दूर झाल्यावरच विकर कार्यक्षम होते. शिवाय ‘टिंप’ ही रोधक प्रथिने त्यावर अंकुश ठेवतात. जखम भरणे, हाडांची पुनर्रचना, गर्भाची वाढ यांसाठी ही मोडतोड अपरिहार्यच आहे.

हा तोल ढळला म्हणजे विकृती उद्भवते. अस्थिसंधिवातात एमएमपी-१३ मुळे कूर्चेतील कोलॅजेनचा ऱ्हास होतो. क्षयरोगात फुप्फुसात पडणारी पोकळी ही बव्हंशी रुग्णाच्याच पेशींनी स्रवलेल्या विकरांची करणी असते.

कर्करोगाच्या पेशी आधारद्रव्य भेदून पसरतात. तेव्हा ही विकरे रोखली की प्रसार थांबेल, हा तर्क वरकरणी बिनतोड होता. १९९० च्या दशकात जस्ताला जखडून ठेवणारे मॅरिमास्टॅट हे औषध मोठ्या अपेक्षेने रुग्णांवर तपासले गेले. स्वादुपिंड, फुप्फुस इत्यादींच्या कर्करोगांत त्याने अपेक्षित लाभ दिला नाही. उलट सांधे दुखू व आखडू लागले. चूक केवळ औषधाची नव्हती. बहुतेक चाचण्या रोग बळावलेल्या रुग्णांवर झाल्या आणि औषधाने कुलातील उपकारक विकरेही सरसकट दडपली. एमएमपी-८ नसलेल्या नर उंदरांमध्ये त्वचेच्या गाठी अधिक प्रमाणात होतात, हे २००३ मध्ये दिसून आले. म्हणजे शत्रू समजलेल्या कुलातील हा घटक प्रत्यक्षात रक्षक होता.

या उद्देशाने अमेरिकेत मान्यता मिळालेले औषध मात्र जुनेच निघाले. डॉक्सिसायक्लिन हे प्रतिजैविक २० मिलिग्रॅमच्या मात्रेत दिवसातून दोनदा दिल्यास जंतू मरत नाहीत, परंतु हिरड्यांतील कोलॅजेनचा नाश मंदावतो. दंतपरिवेष्टनाच्या रोगासाठी त्यास १९९८ मध्ये परवानगी मिळाली.