पागा, ठाण आणि रबरी चटई : तट्टाच्या निवाऱ्यातील जमिनीविषयी

घोडे बांधण्याच्या जागेस मराठीत जे शब्द रूढ आहेत, त्यांतून त्या जागेच्या निरनिराळ्या अंगांचा निर्देश होतो. 'तबेला' हा शब्द अरबी 'तवीला' ह्यापासून आला असून त्याचा रोख घोडी ओळीने बांधण्याच्या लांब दोराकडे आहे. 'ठाण' हे संस्कृत 'स्थान' ह्याचे प्राकृतातून उतरलेले रूप. त्यात एकेका जनावराची ठरलेली जागा अभिप्रेत आहे. 'पागा' हा मात्र फारसी 'पायगाह' ह्याचा अवशेष होय, आणि त्याचा शब्दशः अर्थ 'पायाची जागा' असा होतो. पुढे तो घोडदळाच्या पथकासही लागू झाला. तथापि जनावराच्या दृष्टीने मूळ अर्थच मोलाचा आहे. घोडा दिवसाचा बहुतेक काळ उभ्याने काढतो, डुलकीही उभ्याने घेतो, आणि त्याच्या वजनाचा सुमारे ६० टक्के भार पुढच्या दोन पायांवर असतो. सबब छपराइतकाच विचार जमिनीचाही करावा लागतो.

हा विचार जुना आहे. कौटिलीय अर्थशास्त्रातील अश्वाध्यक्षाच्या प्रकरणात प्रत्येक घोड्यास त्याच्या लांबीइतकी चौरस जागा, तीवर 'श्लक्ष्ण' फळ्यांचे आच्छादन आणि मलमूत्र निघून जाण्याची वाट सांगितली आहे. 'श्लक्ष्ण' ह्या पदाने येथे घसरडी नव्हे, तर सल न बोचणारी, तासून साफ केलेली फळी अभिप्रेत असावी. ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकातील ग्रीक लेखक झेनोफन ह्याचे मत निराळे. ओल व गुळगुळीतपणा ह्यांनी चांगले खूरही बिघडतात. म्हणून जमीन उतरती असावी व तीत खुराएवढे दगड बसवावेत, असे तो सांगतो. फळी की दगड हा मतभेद असला, तरी ओल काढून देण्याविषयी दोघांचे एकमत आहे.

भोर तालुक्यातील भोंगवलीसारख्या गावी हाच प्रश्न जून ते सप्टेंबर ह्या चार महिन्यांत उभा राहतो. पुणे जिल्ह्यात व त्याच्या आसपास धनगर मेंढपाळांचे बिऱ्हाड भीमथडी तट्टांच्या पाठीवरून वाहिले जाते. करनाल येथील राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरोने ह्या घोड्याची स्वतंत्र जात म्हणून नोंदही केली आहे. माळरानाचा कणखर असा हा प्राणी चिखलात मात्र लाचार होतो. सतत ओल राहिल्यास खुराच्या तळाचा मऊ, त्रिकोणी भाग कुजू लागतो. घसरून पाय मोडल्यास तर बिऱ्हाडाचा आधारच जातो.

उपायाचा आरंभ चटईपासून नव्हे, तर तिच्या खालच्या जमिनीपासून करावयाचा असतो. माती काढून मुरूम भरावा, पाणी मारून तो ठोकावा आणि दर ५ फुटांस सुमारे १ इंच उतार ठेवावा. भुसभुशीत जमिनीवर चटई टाकल्यास ती खचते, तिच्या कडा उचलल्या जातात आणि त्यांत खूर अडकतो.

चटई भरीव रबराची असावी. तट्टासाठी १२ ते १८ मिलिमीटर जाडी सामान्यतः पुरेशी मानली जाते. वरचा पृष्ठभाग खरबरीत आणि खालची बाजू पन्हळीदार असावी, म्हणजे खाली गेलेले पाणी उतारावरून निघून जाते. विकत घेण्यापूर्वी तुकडा भिजवून त्यावर टाच घासून पाहावी. जी चटई कोरडी असतानाच पकड देते, ती पावसाळ्यात निरुपयोगी ठरते. यंत्रांचे जुने वाहक पट्टे स्वस्त मिळतात, पण ते ओले झाल्यावर निसरडे होतात. टायरच्या तुकड्यांतून पोलादी तार बाहेर येते. गोणपाट व काथ्या ओल धरतात, शिवाय जनावराने कुरतडून गिळल्यास पोटशूळाचे भय असते. तुकडे भिंतीपर्यंत, सांध्यांत फट न ठेवता बसवावेत.

रबर मूत्र शोषून घेत नाही, हे ध्यानात ठेवले पाहिजे. त्याच्यापासून सुटणारा अमोनिया वायू फुप्फुसांस अपायकारक असतो. म्हणून लीद रोज काढावी, चटया अधूनमधून उचलून धुवाव्यात आणि खालचा मुरूम वाळू द्यावा. गाढ झोपेसाठी घोड्यास आडवे व्हावे लागते. त्या वेळी कोपर व ढोपर सोलू नयेत म्हणून चटईवर कोरड्या पेंढ्याचा थर हवाच. चटई ही जमिनीचे काम करते, अंथरुणाचे नव्हे. एकीने दुसऱ्याची उणीव भरून निघत नाही.